लेसवालीला खिडकीजवळची जागा द्या

तुम्ही हातकामाची बैठक सुरू करताय आणि सुयांवर विणणाऱ्या आणि लेस करणाऱ्या तिथे एकत्र रमतील का, असं विचारलंय. नक्की रमतात! मी इंग्लंडात बेडफर्डजवळ राहते. आमच्याकडे दोघी शेजारीशेजारीच बसतात. फक्त लेसवालीला टेबल आणि खिडकीजवळची जागा द्या. लोकरीचं काम मांडीवर घेऊन गप्पा मारता येतात. पण लेस जिच्यावर करतात ती टाचण्या टोचलेली गच्च उशी आणि तिच्यावर जोडीजोडीने पसरलेल्या लाकडी बॉबिन, म्हणजे दोरा गुंडाळलेल्या कांड्या, सारख्या हलवता येत नाहीत. इथल्या बॉबिनच्या टोकाला काचेचे मणी ओवलेले असतात. त्यांच्या वजनाने दोरा ताणलेला राहतो, बॉबिन गडगडत नाही. हालचाली मुळात दोनच: दोरा दोऱ्यावरून ओलांडायचा आणि जोडीला पीळ द्यायचा. त्यातून जी जाळी उमटते, ती बघताना माझ्या सुया थांबतात!

पूर्वी इथल्या बायका एका मेणबत्तीभोवती पाण्याने भरलेल्या काचेच्या कुप्या ठेवून तो उजेड वाटून घेत. २५ नोव्हेंबर, संत कॅथरीनचा दिवस, हा त्यांचा सण. शहाजिरं घातलेले केक तेव्हाचेच. तुमची पहिली बैठक त्याच दिवशी ठेवा ना. आणि कुणाकडे आजीची टॅटिंगची, म्हणजे गाठींची लेस करायची, शटल (दोरा गुंडाळायची छोटी फिरकी) असेल, तर त्या बाईलाही बोलवा.