शुगर आहे, मग कळण्याची भाकर बंद करायची का?

तापीकाठ (यावल):
आईला शुगर निघाली आहे, कार्बोहायड्रेट कमी करायला सांगितलंय. घरात दोन्ही वेळा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर, सोबत भरीत नाहीतर शेवभाजी. भाकर बंद करून केळी आणि राजगिऱ्याचे लाडू चालतील का? आणि पिठात साखर घातलेली नसताना भाकरीने शुगर वाढते कशी?

दादर ज्वारी:
साखर पिठातच दडलेली असते. कार्बोहायड्रेट, म्हणजे कर्बोदकं, यात साखर, पिष्ट आणि चोथा तिन्ही येतात. पिष्ट ही ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. नुसत्या भाकरीचा घास बराच वेळ चावा, गोडसर लागेल: लाळेतल्या अमायलेज या पाचक विकराने माळ तोडायला घेतलेली असते. उरलेलं काम लहान आतड्यात होतं आणि ग्लुकोज रक्तात उतरतं. चोथ्याची माळ मात्र तिथे तुटत नाही.

आता हिशेब. 50 ग्रॅम ज्वारीच्या पिठात चोथा सोडून साधारण 34 ग्रॅम कर्बोदकं, ग्रॅममागे 4 कॅलरी. आपल्याकडची हातभर भाकर असेल तर पीठ सहज दुप्पट जातं, म्हणून "दोनच खाते" याला अर्थ नाही. पीठ काट्यावर मोजा.

कळणं सोडू नका. 4 भाग ज्वारीला 1 भाग सालासकट उडीद असले की ज्वारीत कमी पडणारं लायसीन (प्रथिनांचा एक घटक) उडदातून मिळतं, प्रथिनंही वाढतात. कर्बोदकं मात्र थोडीच घटतात, त्यामुळे कळण्याची आहे म्हणून एक जास्त, असं नको.

भरीत बिनधास्त वाढा (तेलावर लक्ष ठेवून). शेवभाजीत शेव बेसनाची, म्हणजे तिथेही पिष्ट आहेच, वर तळणीचं तेल. त्या दिवशी भाकर अर्धी.

केळीबाग, रावेर:
भाकरीच्या जागी केळी? उलटं होईल. हिरव्या केळ्यात बहुतेक पिष्ट असतं, पिकताना त्याचीच साखर होते. वेफरला कच्चंच केळं लागतं ते यामुळेच. पिकायला लागलेलं कढईत गेलं की साखर करपून काप तांबडे-काळे पडतात. पिकल्या केळ्याच्या 100 ग्रॅम गरात 22-23 ग्रॅम कर्बोदकं. मधल्या वेळेला अर्धं ठीक, जेवणावर नको. राजगिऱ्याच्या लाडवात गूळ आहे, आणि गूळ म्हणजे बहुतांशी साखरच.

पथ्यपाणी:
एक राहिलं. इन्सुलिन किंवा काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर डोस तोच ठेवून भाकर एकदम तोडू नका, शुगर खाली जाते. आधी डॉक्टरांना विचारा. हातपाय थरथरले, घाम फुटला आणि शुगर 70 च्या खाली दिसली तर, शुद्धीवर असताना, 3 चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, 15 मिनिटांनी परत तपासा. तेव्हा भाकर भरवत बसू नका, तिची माळ सुटेपर्यंत वेळ जातो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना.