ॲमस्टरडॅम ते ग्रोनिंगन मोटारीने: समुद्रबांधावरून जावे की पोल्डरमधून?

ॲमस्टलवीनकर (धागाकर्ता)

येत्या एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे येत आहेत. शनिवारी सकाळी ॲमस्टरडॅममधून निघून ग्रोनिंगनला मुक्काम करावा आणि रविवारी संध्याकाळपर्यंत परतावे, असा बेत आहे. महामार्गाने सरळ गेले तर हे अंतर सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे जेमतेम दोन तासांचे आहे. पण नुसते पोचायचे असते तर हा धागा काढलाच नसता.

पहिली वाट होर्नवरून उत्तरेला जाऊन आफस्लाउटडाइक हा ३२ किलोमीटरचा समुद्रबांध ओलांडते आणि फ्रिसलँडमधील फ्रानेकर, लेउवार्डन करत ग्रोनिंगनला पोचते. दुसरी वाट पूर्वेकडून, म्हणजे फ्लेव्होलँडच्या पोल्डरमधून (बांध घालून, पाणी उपसून कोरड्या केलेल्या जमिनीतून), गीटहोर्न हे कालव्यांचे गाव आणि ड्रेन्थ प्रांत करत जाते. माझा कल पहिल्या वाटेकडे आहे, कारण बाबांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. १९१६ च्या पुराने हादरलेल्या देशाने १९१८ साली कायदा केला, २८ मे १९३२ रोजी बांधातील शेवटची फट बुजवली आणि झाउडरझे नावाच्या आख्ख्या समुद्राचे गोड्या पाण्याचे तळे करून टाकले, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले आहे. ते प्रत्यक्ष दाखवावे अशी इच्छा आहे. आईला मात्र बांधात काडीइतकाही रस नाही. "धरणंच पाहायची तर कोयना काय वाईट होती?" असे तिने फोनवर विचारूनही झाले. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढउतार कमी असावी. अनुभवी मंडळींनी कोणती वाट अधिक देखणी आहे ते सांगावे.

पोल्डरवासी

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आफस्लाउटडाइक हे अभियांत्रिकीचे थोर काम आहे, पण मोटारीच्या खिडकीतून पाहण्याचे दृश्य म्हणून ते निराशा करते. रस्ता बांधाच्या माथ्यावर नसून आतल्या, तळ्याच्या बाजूला खाली आहे आणि बाहेरच्या खाऱ्या वाडन समुद्राच्या बाजूचा उंचवटा मोटारीतल्या माणसाच्या नजरेपेक्षा वर येतो. पांबनच्या पुलासारखे दोन्ही हातांना पाणी दिसेल अशा अपेक्षेने येणाऱ्यांना एका बाजूला गवताचा उतार आणि दुसऱ्या बाजूला करडे तळे एवढेच मिळते, तेही जवळजवळ सरळ रेषेत ३२ किलोमीटर. मी हा रस्ता अनेकदा केला आहे आणि माझ्या मुलांनी तो दर वेळी झोपेत केला आहे.

बाबांना पाण्याशी झालेला झगडा दाखवायचा असेल तर तो पोल्डरमध्ये अधिक दिसतो, कारण तिथे आपण समुद्राच्या जुन्या तळावरून मोटार चालवत असतो. नोर्डओस्टपोल्डर १९४२ साली कोरडा झाला. त्यात स्खोकलँड नावाचे एक बेट आहे, आणि ते आजही बेटासारखेच दिसते. फक्त त्याच्या चारही बाजूंना समुद्राऐवजी शेते आहेत. पाणी किनारा खात चालल्यामुळे १८५९ साली राजाच्या हुकुमाने तिथल्या रहिवाशांना बेट सोडावे लागले होते. जुना धक्का आज गवतात उभा आहे, त्याला कोणतीही नाव लागू शकत नाही, आणि तेथून सभोवार पाहिले की शेतजमीन समुद्रसपाटीच्या किती खाली आहे याची कल्पना आकड्यांशिवाय येते. १९९५ साली जागतिक वारसा यादीत गेलेले हे नेदरलँड्सचे पहिले स्थळ आहे. शिवाय एप्रिलचा तिसरा आठवडा म्हणजे याच पोल्डरमध्ये ट्युलिपच्या शेतांचा हंगाम. आईंसाठी आणखी काय हवे? त्यांना गीटहोर्नलाही न्यावे. तिथे विजेवरच्या नावेत बसून राहिले की गाव आपोआप समोरून सरकते.

जलरेषा

वरील प्रतिसादातील निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. मोटारीतून न उतरता ज्यांना समुद्र पाहायचा आहे त्यांच्यासाठी आफस्लाउटडाइक नाहीच. शेवटची फट जिथे बुजवली तिथे उभारलेल्या मनोऱ्यापाशी थांबावे. तेथे एका बाजूला भरती-ओहोटीचा खारा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गोडे तळे, दोन्हींच्या पाण्याचा रंग आणि पातळी वेगळी, हे एकाच जागी उभे राहून पाहता येते. पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला त्या जागेचे महत्त्व कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

पुढे बांधावरच कोर्नवर्डरझांड येथे पाणी सोडण्याची जी दारे आणि नावांना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे जलपाश आहेत त्यांना भौतिकशास्त्रज्ञ लोरेन्ट्झ यांचे नाव दिलेले आहे, आणि ते केवळ मानासाठी दिलेले नाही. समुद्राचे तोंड बंद केल्यावर बाहेरची भरती किती वाढेल हे शोधण्यासाठी १९१८ साली नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. नोबेल मिळवलेल्या या माणसाने उतारवयातली आठ वर्षे भरतीच्या गणितात घालवली आणि ते गणित बांध पूर्ण झाल्यावर खरे ठरले. दुर्दैवाने ते आणि या योजनेचे शिल्पकार कोर्नेलिस लेली, दोघेही १९३२ पाहायला उरले नव्हते.

एक व्यावहारिक मुद्दा कोणी मांडत नाही, म्हणून मांडतो. येथे वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे ॲमस्टरडॅमहून फ्रिसलँडकडे जाताना आपली मार्गिका तळ्याच्या बाजूची असते आणि चालकाशेजारी बसलेल्या माणसाच्या हाताशी पाणी असते. उलट दिशेने आल्यास आपण गवताच्या उताराला चिकटून येतो आणि पाणी पलीकडच्या वाहनांच्या आड जाते. ज्यांना हा बांध रुक्ष वाटला त्यांनी तो कोणत्या दिशेने पाहिला हे एकदा तपासावे. म्हणून जाताना बांध घ्यावा, येताना पोल्डर.

फ्रानेकर मात्र सोडू नये. तिथे आइसे आइसिंगा नावाच्या लोकर पिंजणाऱ्या गृहस्थाने १७७४ ते १७८१ या सात वर्षांत स्वतःच्या राहत्या घराच्या छतात चालती ग्रहमाला बसवली, आणि ती अजून चालते आहे. युरेनसचा शोध १७८१ सालचाच असल्यामुळे तिच्यात ग्रह शनीपर्यंतच आहेत. आईंना तिथे चढायचेही काही नाही. खाली उभे राहून वर पाहायचे.

वेंगुर्लेकर

दोघांचेही म्हणणे वाचले. माझ्या मते दोघेही चुकीच्या बांधावर भांडत आहेत. एन्कहाउझन ते लेलिस्टाड असा हाउट्रिबडाइक नावाचा दुसरा बांध आहे, लांबी सव्वीस-सत्तावीस किलोमीटर. त्याच्या दक्षिणेला मार्करवार्ड नावाचा आणखी एक पोल्डर करायचा होता. बांध १९७० च्या दशकात पुरा झाला आणि पोल्डरचा बेत मात्र शेवटी सोडून दिला गेला. जी जमीन कधी झालीच नाही तिचा हा कुंपणाचा बांध आहे. बाबांना अशी गोष्ट आवडेल असे मला वाटते, कारण आपल्याकडच्या खात्यांतही कालवा तयार आणि पाणी नाही अशा कथा कमी नसतात.

एन्कहाउझनचा आणि आपला जुना संबंधही आहे. लिन्सखोटन हा या गावात वाढलेला तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपचा कारकून होता. त्याने परत येऊन १५९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनातून डचांना पोर्तुगिजांचे सागरी मार्ग कळले. पुढे स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक याच गावात होती, एक शेजारच्या होर्नमध्ये, आणि याच कंपनीची वखार आमच्या वेंगुर्ल्याला होती. वखारीची पडझड पाहत मोठा झालेला माणूस एन्कहाउझनच्या बंदरावर उभा राहिला की त्याला जे वाटते ते ट्युलिप पाहून वाटत नाही.

उत्तरेचा रहिवासी

मी ग्रोनिंगनमध्ये राहतो (स्थानिक उच्चार 'ख्रोनिंगन'च्या जवळ जातो). मूळ प्रश्नालाच माझा आक्षेप आहे. ॲमस्टरडॅमहून आगगाडी दोन तासांत येथे पोचवते, आणि शहरात आल्यावर मोटार हे केवळ ओझे होते. १९७७ साली या शहराने मध्यवस्तीचे चार भाग केले आणि एका भागातून दुसऱ्यात मोटारीने थेट जाण्याचे रस्ते बंद केले. बाहेरच्या वळणरस्त्यावर जाऊन परत आत यावे लागते. सायकलवाला दोन मिनिटांत जातो तिथे पाहुण्यांची मोटार पंधरा मिनिटे फिरते, आणि दर वेळी मलाच फोन येतो.

मोटार आणायचीच असेल तर शहराच्या कडेला लावून बसने आत यावे. दिवसा बहुतेक महामार्गांवर वेगमर्यादा १०० आहे आणि आडरस्त्यांवर ८०, त्यामुळे नकाशा पाहून ठरवलेले थांबे प्रत्यक्षात एकदोनने कमीच होतात. ड्रेन्थमधील महापाषाणी दगडी थडगी मला स्वतःला या देशातील सर्वांत अद्भुत गोष्ट वाटतात, पण दोन दिवसांच्या या सहलीत त्यांच्यासाठी बोर्गर गावाकडे वळण्याचा सल्ला मी देणार नाही.

पोल्डरवासी

दिशेचा मुद्दा मान्य. मी बहुतेक वेळा उत्तरेकडून येतो, हे कबूल केले पाहिजे. पण जलरेषा यांच्या बेतात एक भोक आहे. येताना पोल्डर म्हणजे रविवारी पोल्डर, आणि पोल्डरच्या कडेच्या उर्क या मासेमारीच्या गावी थांबायचे मनात असेल तर रविवारी ते गाव चर्चला जाते. दुकाने बंद आणि मासळीही नाही. गीटहोर्नला उलट शनिवार-रविवारी कालव्यांत नावांची इतकी दाटी होते की शांततेसाठी गेलेला माणूस दुसऱ्यांच्या नावेला धक्के देत परततो.

जलरेषा

शिवाय गीटहोर्नची नाव धक्क्यापेक्षा खाली असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यात उतरणे आणि बाहेर येणे हाच सर्वांत मोठा चढउतार आहे. माझ्या सासूबाईंना दोघांनी धरून बाहेर काढावे लागले होते.

ॲमस्टलवीनकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. शुक्रवारची रजा टाकली आहे. शुक्रवारी निघून शनिवारी परतणार. जाताना आफस्लाउटडाइक, मनोऱ्यापाशी पाऊण तास, कोर्नवर्डरझांडला बाबा म्हणतील तेवढा वेळ, आणि नंतर फ्रानेकर. पुढच्या खिडकीत आई बसेल की बाबा, हा वाद घरी होईल. ग्रोनिंगनला मोटार शहराबाहेर लावणार.

येताना ए-७ आणि ए-६ या महामार्गांनी येऊन फ्रिसलँडमधील लेमर गावी थांबणार आहे. तिथले १९२० सालचे वाफेवर चालणारे पाणी उपसा केंद्र अजूनही गरज पडली की सुरू करतात, हे मला या धाग्यानंतर शोधताना समजले आणि बाबांना सांगताच त्यांनी बॉयलर किती, हे विचारायला सुरुवात केली. तिथून आईसाठी ट्युलिपची शेते आणि शेवटी स्खोकलँड. उर्क जमल्यास, कारण शनिवारी तिथे मासळी मिळेल. गीटहोर्न रद्द केले आहे.

वेंगुर्लेकरांनी सुचवलेल्या हाउट्रिबडाइकविषयी बाबांना अजून सांगितलेले नाही; सांगितले तर ट्युलिपचा वेळ त्यात जाईल आणि आईला उत्तर मला द्यावे लागेल.