गच्चीवरच्या कोठीतल्या इंद्रायणीचा वास गेला. तांदूळ खराब झालाय की नुसता जुना?

राम राम मंडळी. मी जळगावची. दिवाळीनंतर नवापूरकडून ओळखीतून 50 किलो नवा इंद्रायणी आणला. आमच्याकडे रोज भाकरीच, भात म्हणजे खिचडी नाहीतर फुनके-कढीबरोबर मूठभर, म्हणून वर्षभर पुरतो. 20 किलो स्वयंपाकघरात डब्यात भरला, उरलेला गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, कोठीत.

खालचा संपला म्हणून परवा वरचा काढला, तर भात ओळखूच येईना. चिकटपणा नाही, सुगंध नाही, दाणा न् दाणा सुटा. एका वाटीला दोन वाट्या पाणी पुरायचं, आता अडीच लागतं. कोरड्या तांदळाला जुन्या तेलासारखा किंचित वास येतो. किडे नाहीत, जाळी नाही. मला रंग पिवळट वाटतो. सासूबाई म्हणतात, चष्मा बदल, तांदूळ मुरलाय. पण एकाच पोत्यातला खालचा का नाही मुरला? मे महिन्यात त्या कोठीला हात लावू देत नाही, एवढी तापते.

खावा का? आणि पावसाळ्यात ठेवू कसा? एकीने किडीच्या विषारी गोळ्या टाकायला सांगितल्या, धीर होत नाही.

प्रतिसाद १
गोळ्या अजिबात नको! त्यातून निघणारा वायू जीवघेणा असतो, राहत्या घरात तर नाहीच.
सासूबाई निम्म्या बरोबर आहेत. तांदूळ मुरतोच, पण उष्णतेत फार झपाट्याने. दाण्यावर राहिलेल्या कोंड्यातलं तेल खवट होतं, तो तुमचा वास. सुगंध उडून जातो, तो परत येत नाही. बुरशीचा कुबट वास किंवा काळे डाग नसतील तर खा. पुलावाला उत्तम, मऊ खिचडीला निराशा. पिवळे दाणे मात्र निवडून टाका, आणि फार निघाले तर तो तांदूळच नको.

प्रतिसाद २
आता ऊन दाखवायच्या फंदात पडू नका, टरफल काढलेल्या तांदळाला चिरा पडून कणी होते. कोठी खाली आणा, घट्ट झाकणाचे कोरडे डबे, जमिनीपासून वर. पुढच्या वर्षी साळच घ्या आणि लागेल तशी भरडून आणा. टरफलात दाणा जास्त टिकतो.

मूळ लेखिका
कोठी उतरवली. सासूबाईंनीच ताटात पसरून पिवळे दाणे निवडले, चष्म्याचा विषय काढला नाही. साळ भरडून देणारी गिरणी जळगावात कुठे आहे, कुणाला माहीत आहे का?