लाइन म्हटलं की तुम्हाला काय आठवतं?

गणपतीच्या आधी परवा माळा साफ करायला काढला, तर घासलेटचा जुना डबा सापडला. बाबांनी ऑइल पेंटनं त्यावर आडनाव लिहिलेलं, एका अंगाला मराठीत, दुसऱ्या अंगाला कन्नडात. रेशन दुकानापुढं तेव्हा माणसं नाही, डबेच लाइनला उभे असायचे. कुणाच्या डब्यावर दगड, कुणाच्या डब्यावर चप्पल. मी आठ वर्षांचा, राखणीला. सायकलवर टांग टाकताना बाबा ओरडले, "लाइन सोडू नकोस रे!" तेवढ्यात फाटकाकडून गाडीची शिट्टी आली आणि मी पळालो. परत येईस्तोवर आमचा डबा पार शेवटाला गेलेला. संध्याकाळी बाबा म्हणाले, "लाइन सोडून लाइन बघायला गेला होतास व्हय?" आईला हसू आवरेना. मला मात्र दोन बसल्या.

मुलीला इंग्लिशच्या तासाला एका शब्दाचे जमतील तेवढे अर्थ लिहून न्यायचेत. म्हटलं, लाइन घे. सात सांगितले आणि अडकलो. तुमचे येऊ देत. नुसते अर्थ नकोत, घडलेलं सांगा. लाइन मारणे तेवढं टाळा, पोरगी पाचवीत आहे.

वडगावकर
मग अर्धा धागा इथंच संपला की गा 😄

लोंढा जंक्शन
वडील रेल्वेत. मीटरगेज, एकेरी लाइन. पुढच्या स्टेशनानं "लाइन क्लिअर" दिल्याशिवाय इकडून गाडी सोडायची नाही. ते मिळालं की यंत्रातून लोखंडी गोळा निघायचा, तो पिशवीत घालून वेताच्या रिंगला अडकवायचा आणि ड्रायव्हर चालत्या इंजिनातून हात घालून उचलायचा. गोळा हातात नाही तर पुढं जायची परवानगी नाही. घरी पाच भावंडं आणि न्हाणीघर एक. आतला बाहेर आला की ओरडायचा, "लाइन क्लिअर!" अजून माझा मुलगा हेच ओरडतो, त्यानं गोळा बघितलेला पण नाही.

चंदगडची लेक
आमच्यातली लाइन नकाशावरची. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका इकडं राहिला, बाकीचा जिल्हा तिकडं गेला. माझं माहेर इकडं, सासर तिकडं. आजी म्हणायची, रेघ मारणाऱ्याला माझी शेतावरची वाट दिसली नसंल. आता शिनोळी आली की पोरं पेट्रोलचा भाव बघतात, जिकडं स्वस्त तिकडं लाइन.

वडगावकर
काकू, आत्ता कुठल्या बाजूला स्वस्त आहे? उद्या जालोय म्हणून विचारालोय.

चंदगडची लेक
तू आधी गाडीचं सर्व्हिसिंग कर.

रिटायर्ड हवालदार
मराठा लाइट इन्फंट्री, २२ वर्षं. परेड संपली की हुकूम "लाइन तोड". मुलीच्या लग्नात फोटोला सगळे स्टेजवर उभे, फोटो झाला तरी कुणी हलेना, खाली पंगत खोळंबलेली. तोंडातून निघून गेलं, "लाइन तोऽऽड!" पलटणीतले तिघं एका दमात वळून उतरले. पाठोपाठ नवरदेव पण.

खानापूरची वहिनी
माझे मालक लाइनमन. वर रेल्वेवाल्या दादांनी लिहिलंय ते वाचून हसू आलं, आमच्यात लाइन क्लिअर म्हणजे बरोबर उलटं. त्यांच्यात क्लिअर म्हणजे गाडी येऊ दे. आमच्यात सबस्टेशनातून क्लिअर घेतली की लाइन बंद, त्यातून काही येता कामा नये, मगच खांबावर चढायचं. काम झालं की क्लिअर परत द्यायची, मग लाइन चालू. मधे कुणी घाई केली तर संपलंच. इकडं जंगलातला पाऊस, रोज कुठंतरी झाड तारांवर. लोक रात्री अकराला मला फोन करतात, वहिनी, लाइन कवा येणार? मी म्हणते येईल. मी वेगळ्याच गोष्टीची वाट बघत असते. खाली उतरले की मेसेज टाकतात, "परत दिली." एवढे दोनच शब्द. मग मी भात लावते.

लोंढा जंक्शन
वहिनी, हे ठाऊक नव्हतं. आता लाइट गेल्यावर शिवी देताना विचार करीन.

चंदगडची लेक
🙏 सांभाळून राहायला सांग गे त्यांना.

शहापूर टेलर
ब्लाउजचं लायनिंग यात धरायचं का? की तो वेगळा शब्द?

मास्तर (चिकोडी)
धरायचं. जवसाला लॅटिनमध्ये लिनम. जवसाच्या झाडाच्या वाखाचं कापड ते लिनन, त्याच्या दोऱ्याला लिनिया, तीच लाइन. गवंडी ओळंब्याची दोरी ताणतो ना, तशी ताणलेली दोरी म्हणजे सरळ रेघ. आणि कपड्याला आतून लिनन लावायचे म्हणून लायनिंग. सगळं एकाच घरचं.

शहापूर टेलर
म्हणजे तीस वर्षं मी जवस शिवालोय 😂

निपाणीकर
डेडलाइन लिहा. अमेरिकेतल्या यादवीत, १८६४ साली, अँडरसनविलच्या कैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली. ओलांडली की गोळी. हे मी ३१ मार्चला साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, गोळी नाही, बदली.

सांबऱ्याचा पाव्हणा
ऑक्सफर्डच्या १९८९ च्या मोठ्या कोशात सेट या शब्दाचे ४३० अर्थ आहेत. तो घ्यायचा होता.

धागाकर्ता
वही शंभर पानीच आहे हो.

टिळकवाडी
आमच्या आत्तीचा किस्सा. सरकारी कचेरीत दाखल्याला गेलेली, शिपाई कन्नडात ओरडला, "साल हच्चरी!" म्हणजे ओळ लावा. आत्तीला वाटलं साल विचारालाय. ती म्हणाली, "छप्पन." तो परत, "साल, साल!" ही म्हणाली, "अहो छप्पनच, माघातला जन्म." मागं चाळीस माणसं. शेवटी त्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "अज्जी, लाइन! लाइन!" आत्ती लगेच, "मग असं मराठीत सांगा की."

वडगावकर
😂😂 मराठीत!! पोरीच्या वहीत हे लिहा.

चंदगडची लेक
मास्तरांनी जवस काढलंच आहे तर कुणी चटणी सांगा. माझी कडू होते.

खानापूरची वहिनी
जास्त भाजता तुम्ही. मंद आचेवर, तडतडायला लागलं की उतरायचं. शेजारच्या कन्नड काकू अगशी म्हणतात, त्यांच्याकडूनच शिकले. लसूण सोलायचा नाही, सालासकट.

टिळकवाडी
परत साल!

चंदगडची लेक
गप रे. वहिनी, सुकं खोबरं घालायचं की नाही? आणि गूळ?

खानापूरची वहिनी
खोबरं नको. गूळ सुपारीएवढा. मिरची ब्याडगी घ्या आणि वाटताना, थांबा, लाइन गेली. हे पण आत्ताच बाहेर पडले. मोबाइलला चार टक्के आहे, तो ठेवते. बाकीचं उद्या.