मदत हवी आहे: पेन ड्राइव्हवर सीएचमॉड (फाइलच्या परवानग्या बदलायची आज्ञा) लागूच होत नाही, नवख्यांचा सराव कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत नवख्या पोरांची उबुंटूची (लिनक्सचा एक प्रकार) बॅच आहे. पीडब्ल्यूडी (आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते बघणं), एलएस (फाइलींची यादी), सीडी (फोल्डर बदलणं) या आज्ञा जमल्यात. 'रंकाळा फोटो' या फोल्डरला सीडी केलं की 'टू मेनी आर्ग्युमेंट्स' येतं, कारण मधल्या मोकळ्या जागेमुळं शेलला, म्हणजे आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, ती दोन नावं वाटतात. अवतरणचिन्हं घाला किंवा दोन अक्षरं टाइप करून टॅब दाबा, काम झालं.

घोडं अडलंय पुढं. पोरं स्क्रिप्ट (आज्ञा लिहिलेली फाइल) पेन ड्राइव्हवर ठेवतात. सीएचमॉड ७५५ (मालकाला सगळं, बाकीच्यांना वाचायची आणि चालवायची परवानगी) दिलं तर एरर येत नाही, पण एलएस उणे एल करून परवानग्या बघितल्या की एक्स, म्हणजे चालवायची परवानगी, कुठंच नाही, आणि चालवायला गेलं की 'परमिशन डिनाइड'. पेन ड्राइव्ह फॅट३२ (विंडोजकडची फाइल साठवायची पद्धत) आहे, त्यात लिनक्सच्या परवानग्या साठवायची सोयच नाही, हे माहीत आहे. बॅश (शेलचंच नाव) लिहून पुढं फाइलचं नाव दिलं की चालतं, कारण तिथं फक्त वाचायची परवानगी पुरते. पण मग एक्स कशाला असतो हेच पोरांना कळत नाही.

पेन ड्राइव्ह ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल साठवायची पद्धत) केला तर घरच्या विंडोजवर उघडत नाही. शिवाय फाइलचा मालक नावानं नाही, यूझर आयडीच्या आकड्यानं नोंदवला जातो, म्हणजे दुसऱ्या मशीनवर नवा घोळ. टारमध्ये (अनेक फाइलींचं एक गाठोडं) बांधून न्यायचं आणि होममध्ये (आपल्या स्वतःच्या फोल्डरमध्ये) सोडायचं, तर परवानग्या टिकतात. पण तिसऱ्याच दिवशी टार म्हणजे जरा जडच.

शिकवणाऱ्यांनो, तुम्ही काय करता? आणि आरएमच्या (फाइल पुसायची आज्ञा) सरावाला उणे आयचं एलियास लावून द्यावं का, म्हणजे आरएम लिहिलं की आपोआप पुसण्याआधी विचारणारं आरएम उणे आय चालेल असं टोपणनाव? मला तरी ती सवय घातक वाटते. दुसऱ्या मशीनवर एलियास नसतो आणि आरएमला कचरापेटी तर नाहीच.