शब्दचर्चा : ‘काळजीवाहू’ आणि ‘त्यांचं करणारं माणूस’

प्रश्न : तालुक्यातील काही गावांत आणि शहरालगतच्या वस्त्यांत, घरातील वृद्ध, दीर्घकाळ आजारी किंवा अपंग व्यक्तीची कोणताही मोबदला न घेता काळजी घेणारे लोक किती आहेत, याची पाहणी करावयाची आहे. प्रश्नावलीच्या मसुद्यात अशा व्यक्तीसाठी ‘काळजीवाहू’ हा शब्द घातला आहे. तो चालेल काय? तसेच ‘विनामोबदला’, ‘अवैतनिक’ आणि ‘बिनपगारी’ यांपैकी कोणते विशेषण योग्य?

उत्तर : ‘काळजीवाहू’ शब्दात व्याकरणाचा दोष नाही, परंतु वृत्तपत्रांनी तो राजीनाम्यानंतर नव्या शपथविधीपर्यंत खुर्ची राखणाऱ्या मुख्यमंत्र्याला केव्हाच बहाल करून टाकला आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना दिवसातून अनेकदा कुशीवर वळवणारी सून त्या नावाने स्वतःला ओळखणार नाही. ‘परिचारिका’ म्हटले की रुग्णालयातील नोकरी डोळ्यांसमोर येते. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असून त्यावरून आज्ञापालन आणि सेवा हे अर्थ आले; आज तो पुस्तकी झाला आहे आणि बहुधा ‘सुश्रुषा’ असा चुकीचा लिहिला जातो. ‘सेवा’ हा शब्द सर्वांना कळतो, पण त्यात पुण्याचा वास असल्याने ‘आईवडिलांची सेवा करता का?’ या प्रश्नाला नकार देणारा मुलगा सापडणे कठीण, मग प्रत्यक्षात सगळे त्याची बायको का करत असेना.

बोलण्यात या कामाला अगदी साधे क्रियापद आहे : करणे. ‘आजीचं कोण करतं?’, ‘त्यांचं करायला कोणी नाही’, ‘सासूचं शेवटपर्यंत मीच केलं’. काय केले हे वाक्यात येतच नाही. अंघोळ घालणे, भरवणे, वेळेवर गोळ्या देणे, ओली चादर बदलणे, रात्री हाक आली की उठणे, हे सारे त्या ‘चं’मध्ये गृहीत असते. शेजाऱ्यांचा वाटा मोजायचा असेल तर ‘बघणे’ वेगळे धरावे. ‘तिच्याकडे शेजारीण बघते’ म्हणजे येताजाता चौकशी करते, प्रसंगी डबा देते. ‘तिचं शेजारीण करते’ म्हणजे शरीराची कामेही तिच्याच हातून होतात. गावात दोन्ही प्रकार आढळतात, आणि एकाच प्रश्नात दोन्ही कोंबल्यास उत्तराचा उपयोग राहत नाही.

‘दुखणं काढणे’ आणि ‘आजारपण काढणे’ मात्र प्रश्नावलीत टाळावे, कारण ‘तिनं मोठं आजारपण काढलं’ यातील ‘ती’ आजारी होती की उशाशी बसणारी, हे संदर्भावाचून कळत नाही. (भाषेने दोघींना एकच क्रियापद द्यावे, हे मला स्वतःला फार बोलके वाटते.)

विशेषणांचे उत्तर सोपे आहे. ‘अवैतनिक’ला मान आहे, संस्थेचा कार्यवाह अवैतनिक असतो. ‘बिनपगारी’ म्हटले की रजा आठवते. ‘विनामोबदला’ अचूक आहे, आणि मोबदल्याचा प्रश्न आधी न आणता पुढे ‘यासाठी तुम्हाला कोणी पैसे देते का?’ असा स्वतंत्र विचारणे अधिक बरे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील काळजी घेणाऱ्याची व्याख्या आईवडील व इतर कुटुंबीयांना सामावून घेते आणि मोबदला मिळो वा न मिळो, दोघांनाही लागू होते. म्हणून पैशाची अट व्याख्येतच घालण्याची गरज नाही.

नावापेक्षा काम विचारण्याचा फायदा राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणात दिसतो. तेथे ‘तुम्ही कोण?’ असे न विचारता आदल्या दिवसाचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाने नोंदवले जातात. २०२४ च्या सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया आणि २१.४ टक्के पुरुष घरातील माणसांची विनामोबदला काळजी घेताना आढळले. अशा स्त्रियांची दिवसाकाठी सरासरी १४० मिनिटे आणि पुरुषांची ७४ मिनिटे त्यात गेली. या आकड्यांत मुलांचा सांभाळही आहे, त्यामुळे आपल्या पाहणीशी त्यांची थेट तुलना करू नये.

पुन्हा प्रश्न : मग ‘घरात किंवा शेजारी तुम्हाला कोणाचं करावं लागतं का?’ असे विचारले तर?

उत्तर : ‘करावं लागतं’मध्ये कुरकुर ऐकू येते, आणि सासू समोर बसलेली असताना सून त्याला ‘हो’ म्हणणार नाही. ‘घरात आजारी किंवा म्हातारं कोणी आहे का? त्यांचं कोण कोण करतं?’ असे दोन प्रश्न ठेवावेत. ‘कोण कोण’ असे दुहेरी विचारल्याने पहिले नाव सांगून उत्तर थांबत नाही; शाळेतून आल्यावर आजोबांना चहा पाजणारी नातही मग यादीत येते.