आमच्या हायस्कुलात या सत्रात काय घडलं? तुमचे अनुभव सांगा

दिवाळीची सुट्टी संपली, दुसरं सत्र सुरू झालं. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं मराठी शिकवून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. यंदा १६ जूनला शाळेची पहिली घंटा आयुष्यात पहिल्यांदा घरात बसून ऐकली. तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं.

खेड्यातलं हायस्कूल ही एका गावाची शाळा नसते. जिल्हा परिषदेची शाळा चौथीला नाहीतर सातवीला संपते आणि मग आजूबाजूच्या पाच-सात वाड्यांची मुलं चालत, सायकलीवर, एसटीनं एका आवारात येतात. त्यांच्याविषयी पेपरात छापून येतं ते वर्षातून एकदा, दहावीच्या निकालाला. मधल्या दिवसांचं कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारते आहे. शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी, शिपाई, लिपिक, सगळ्यांनी लिहा. टक्के नकोत, मुलांची नावं नकोत. घडलेली एखादी गोष्ट सांगा, लहान असली तरी चालेल.

सुरुवात मीच करते. २२ सप्टेंबर ही कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती. त्यांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, त्यामुळे आमच्या भागात हा दिवस सणासारखाच असतो. लेझीम, प्रभातफेरी, भाषणं. यंदा नववीच्या मुलांनी सुचवलं की बाहेरचा पाहुणा नको, वसतिगृहात राहून 'कमवा आणि शिका'मधून शिकलेलं गावातलंच कुणीतरी बोलवू. ऐंशी ओलांडलेले एक आजोबा आले. भाषण त्यांना जमेना, चार वाक्यांत थांबले. मग एका मुलीनं विचारलं, "आजोबा, भाकरी तुम्हीच करायचा का?" म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. पाळ्या कशा लागायच्या, पीठ कोण मळायचं, पहिल्या महिन्यात भाकरी किती जाड व्हायची, हे सगळं त्यांनी दोन बोटं एकमेकांपासून लांब धरून दाखवलं. घंटा झाली तरी मुलं उठली नाहीत. मी पाहुण्यांच्या नाही, पालकांच्या रांगेत बसले होते. तिथून शाळा वेगळी दिसते.

गणित शिक्षक, माढा तालुका, सोलापूर

मॅडम, आमच्याकडे यंदा जयंती झालीच नाही. त्याच आठवड्यात सीना गावात आली.

सीनेला इतकं पाणी आमच्या पिढीनं पाहिलेलं नाही. ही उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी. शाळा थोडी उंचावर आहे म्हणून पहिल्या रात्री खालच्या वस्तीतली माणसं शाळेतच आली. सकाळी पाणी शाळेच्या पायरीला लागलं तेव्हा त्यांनाही पुढं हलवावं लागलं. आमच्या लिपिकांनी त्या धावपळीत एक काम केलं, ते मला इथं लिहून ठेवायचं आहे. कार्यालयात संगणक होता, प्रिंटर होता. त्याला त्यांनी हातही लावला नाही. जनरल रजिस्टरचे सगळे खंड त्यांनी पोत्यात भरले आणि शिपाईमामांबरोबर गच्चीवरच्या टाकीच्या आडोशाला नेऊन ठेवले. शाळा निघाल्यापासून दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जात, जन्मतारीख त्यात आहे. ते गेलं तर पुन्हा कुणाचा दाखला निघायचा नाही.

पाणी ओसरल्यावर वर्गात गुडघ्याएवढा गाळ होता. मुलं सांगण्याआधीच खोरी-पाट्या घेऊन आली. प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या गाळातून एकेक वेचून धुतल्या. फळा धुतल्यावरही त्यावर पाण्याची रेघ राहिली. ती मी पुसू दिलेली नाही. आठवीच्या वर्गाला त्या रेघेवरूनच घनफळ शिकवलं. वर्गाची लांबी, रुंदी आणि ही उंची, तर या खोलीत पाणी किती लिटर होतं? मुलांनी फूटपट्ट्या घेऊन मोजलं. उत्तर आल्यावर कुणी बोललं नाही.

दहावीची परीक्षा फी पूरग्रस्त भागासाठी माफ झाली, तो मोठा आधार झाला. पण पुस्तकांची अडचण आहे. आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तकं शासनाकडून मोफत मिळतात, नववी-दहावीची विकत घ्यावी लागतात. ज्या घरात सोयाबीन वाहून गेलं, दावणीची जनावरं गेली, तिथं मुलगा बापाकडं पुस्तकाला पैसे मागत नाही. तो गप्प बसतो आणि शेजारच्याच्या पुस्तकात बघतो. माझ्या वर्गात असे एकोणीस आहेत.

माजी विद्यार्थिनी, सध्या पुणे

सर, दहावीची पुस्तकं २०१८ साली बदलली, तेव्हापासून तीच आहेत. म्हणजे माझ्या भावाचा संच, माझ्या मैत्रिणींच्या बहिणींचे संच आजही उपयोगी पडतील. आमच्या इमारतीत विचारलं तर संध्याकाळपर्यंत सात संच जमले. बाकीचे रविवारपर्यंत करते. पत्ता धागाकर्त्या मॅडमकडे कळवा, इथे लिहू नका. आणि सर, मुलांना कोरं काहीतरीही मिळावं, म्हणून प्रत्येक संचाबरोबर दोन नव्या वह्या ठेवते आहे.

निदेशक, तंत्र विभाग, शिरूर तालुका, पुणे

आमच्या शाळेत 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' हा विषय आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथून हा विषय आला. आठवी, नववी, दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करतात. वेल्डिंग, वीजजोडणी, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य अशा विभागांत पाळीपाळीनं सगळी जातात, मुलगा-मुलगी असा भेद नाही. मुलं चिक्की करतात, रक्तगट तपासायला शिकतात, मुलीही वेल्डिंगचा हेल्मेट घालतात.

यंदा जूनमध्ये वर्गातले बावीस बाक मोडके निघाले. मी मुलांना सांगितलं की नवे बाक मागायच्या आधी, दुरुस्तीला काय लागेल त्याचा हिशेब काढा. त्यांनी प्रत्येक बाकावर खडूनं नंबर टाकले, कुठला पाय तुटला, कुठली फळी गेली ते वहीत लिहिलं, पट्टी आणि चौकोनी पाइप किती फूट लागेल ते काढलं, रॉडची किंमत धरली. माझ्या अंदाजापेक्षा त्यांचा हिशेब कमी निघाला. मला वाटलं चुकले. दोनदा तपासला. मोडक्या बाकांचेच चांगले पाय कापून दुसऱ्यांना लावायचं त्यांनी ठरवलं होतं, ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अठरा बाक उभे राहिले. उरलेल्या चारांच्या लोखंडातून सायकल स्टँड झाला.

सगळ्यात स्वच्छ झाळ एका मुलीचा येतो. हात कापत नाही. तिचे वडील शाळेत आले तेव्हा मला वाटलं तक्रार घेऊन आलेत. ते म्हणाले, "सर, आमच्या नांगराचा फाळ सुटलाय. पोरीकडनं करून मिळंल का? पैशे देतो." आमच्याकडे गावाला दिलेल्या सेवेचे पैसे घेतात, त्याची पावती होते. तिनं वडिलांच्या नावाची पावती स्वतः फाडली.

माढ्याच्या सरांना सांगायचं आहे, की तुमच्याकडे गंजलेले बाक असतील ते भंगारात देऊ नका. ब्रश मारून, प्रायमर लावून त्यातले बरेच वाचतात. लागेल ते फोनवर सांगतो, वेळ पडली तर दोन दिवस येतो.

पालक, यवतमाळ जिल्हा

आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा आठवडाभर उशिरा, २३ जूनला उघडल्या. माझी मुलगी नववीत. तिच्या शाळेतल्या मुलींना यंदा एसटीचे पास वर्गात हातात मिळाले, आगारात रांग लावावी लागली नाही. तुम्हाला ही लहान गोष्ट वाटेल. मागच्या वर्षी पासासाठी माझी एका दिवसाची मजुरी बुडली होती.

तिनं एलिमेंटरी चित्रकला परीक्षा दिली. वस्तुचित्राच्या पेपरात तांब्या काढला. घरी आल्यावर म्हणे, "बाबा, पितळेवर खिडकी दिसते, आजपर्यंत मी कधी पाह्यलीच नव्हती." आता घरातली सगळी भांडी फिरवून फिरवून पाहते.

क्रीडाशिक्षक, बीड जिल्हा

आमच्याकडचं दुसरं सत्र वेगळं असतं. दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला जातात, गावं रिकामी होतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला कारखान्यावर जायचंच असतं. हाजेरी घेताना एका नावानंतर दुसऱ्या नावालाही उत्तर येत नाही. लहान मुलांसाठी आमच्या गावात हंगामी वसतिगृह चालतं. नववी-दहावीच्या मुलींचं काय? आईबापाला पोरगी मागं ठेवायची भीती वाटते. ती भीती खोटी नाही, मी त्यांना दोष देणार नाही. पण त्या भीतीपायीच पोरगी फडावर जाते, नाहीतर तिचं लग्न उरकतं. मी माझ्या नोकरीत अशा बऱ्याच मुली गमावल्या आहेत आणि त्या प्रत्येकीचा मैदानावरचा चेहरा मला आठवतो.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी तो जिंकला आणि कर्णधार प्रियांका इंगळे मूळची आमच्या बीड जिल्ह्याची. तो सामना मी मुलींना मोबाइलवर दाखवला होता, पंधरा जणी एका पडद्याभोवती. जूनमध्ये मैदानावर मुली दुपटीनं आल्या. खांब पुरला, आखणी केली, सकाळी साडेसहाला सराव. तालुक्याला आमचा संघ पहिला आला. आमची सगळ्यात चपळ मुलगी नववीतली. ती सूर मारते तेव्हा अंगाखाली जमीन आहे हे ती विसरते.

दिवाळीआधी तिच्या आईनं सांगितलं, "सर, यंदा हिला संगं न्यावं लागतंय. म्हातारी थकली, हिच्याकडं कोण बघंल?" मी नि आमच्या मॅडम तीनदा घरी गेलो. मी शिक्षणाचं महत्त्व वगैरे बोलत राहिलो, त्यांनी ऐकून घेतलं, उपयोग झाला नाही. तिसऱ्या खेपेला संघातल्याच एका मुलीची आई आमच्याबरोबर आली. ती स्वतः बारा हंगाम फडावर राबलेली. ती एवढंच म्हणाली, "माझ्या दोघी हायेत, तिसरी जड नाही. रात्री माझ्याजवळ निजंल." आता ती त्या घरी राहते. तिची आजीही दुपारी तिथंच जेवते. आई दर दोन दिवसांनी फोन करते आणि आधी विचारते, "सराव झाला का?"

माजी विद्यार्थी, राजापूर तालुका, रत्नागिरी, सध्या डोंबिवली

आमच्या हायस्कुलात आता आठवी ते दहावी मिळून ४१ मुलं आहेत. माझ्या वेळी एका वर्गात तेवढी असायची. गावं मुंबईला गेली, आम्हीही गेलो. गणपतीला घरी आलो की शाळेत एक चक्कर टाकतो. बाकांवर आमची नावं कोरलेली आहेत आणि बसायला मुलं नाहीत, हे बघवत नाही.

यंदा जुलैत मुख्याध्यापकांनी सगळ्या मुलांना भाताच्या लावणीला शेतात नेलं. शेत गावातल्या एका एकट्या राहणाऱ्या काकीचं. चार वर्षं पडीक होतं, लावायला माणूस नव्हता. काकी बांधावर इरलं घेऊन बसली आणि तरवा, म्हणजे भाताची रोपं, किती बोटांत धरायचा, किती खोल दाबायचा ते सांगत राहिली. बऱ्याच मुलांनी पहिल्यांदा चिखलात पाय घातला. खेड्यातल्या मुलांनी! मला ते कळल्यावर धक्का बसला, पण आपणच त्यांना शेतापासून लांब ठेवलं आहे. गणपतीत मी गेलो तेव्हा भात कमरेला आलं होतं. कापणीही मुलांनीच केली. काकीनं तांदूळ शाळेला द्यायचा म्हटलं, मुलांनी निम्मा तिच्याच घरी ठेवला.

स्वयंपाकी, शालेय पोषण आहार, नाशिक जिल्हा

मी जास्त शिकलेली नाही. मुलगी टाइप करून देते आहे. मी आमच्या हायस्कुलात आहार शिजवते. पोरं मावशी म्हणतात. आहार आठवीपर्यंत असतो. जूनमध्ये नववीत गेलेली पोरं पहिल्या दिवशी सवयीनं ताटल्या घेऊन रांगेत आली आणि मग आठवण होऊन परत फिरली. ते मला दर वर्षी बघावं लागतं. सगळ्यांचं वाढून झाल्यावर खाली उरतं ते मी मुख्याध्यापकांना विचारून त्यांना देते. खरवडीसाठी तर भांडणं होतात.

माझी मुलगी आठवीत आहे. एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसते आहे. पास होऊन यादीत नाव लागलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, खात्यावर. तिच्या बाईंनी उत्पन्नाच्या दाखल्याची कागदं मला घरी येऊन समजावली. दाखला निघेपर्यंत चार खेपा झाल्या. पेपर दोन असतात, दोन्हीत ९०-९० प्रश्न. एका पेपरात आकृत्या असतात, पुढची आकृती कोणती ते ओळखायचं. रात्री ती मला विचारते आणि मला त्या येतात. शाळेत मला गणित येत नाही म्हणायचे. आकृत्या मला येतात. रांगोळी घालायची सवय आहे, त्यामुळं असंल.

गणित शिक्षक, माढा तालुका (पुन्हा)

एकोणीस संच पोचले. पुण्याच्या ताई, वह्यांवर मुलांनी लगेच नाव घातलं, पुस्तकांवर मात्र घातलं नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "सर, पुढच्या वर्षी दुसऱ्याला द्यायचीत ना." एका भूमितीच्या पुस्तकात पाठीमागं कुणीतरी पेन्सिलनं सगळी प्रमेयं सोप्या शब्दांत लिहिली आहेत. ते पुस्तक आता वर्गात फिरतं आहे. शिरूरचे निदेशक सर शनिवारी येत आहेत, त्यांच्याबरोबर तिथल्या दोन मुलीही आहेत. लिपिकांनी त्यांच्यासाठी गावातून वेल्डिंग मशीन मागून ठेवलं आहे.

परवा एक गृहस्थ जन्मतारखेच्या दाखल्यासाठी आले. पुरात त्यांच्या घरातली सगळी कागदं गेली. लिपिकांनी रजिस्टरचा जुना खंड काढला, कडा अजून दमट आहेत, पानं सुटी करायला वेळ लागला. १९७४ च्या पानावर त्यांचं नाव निघालं. खाली त्यांच्या वडिलांचा अंगठा. ते बराच वेळ त्या अंगठ्याकडेच बघत उभे होते.